न चढलेल्या डोंगराचा सत्कार

फाट्यावर एसटीतून उतरले आणि समोर मीच. दहा फूट उंच. अंगात निळं जाडजूड जॅकेट, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात दोन काठ्या, मागे बर्फाचा डोंगर. खाली लिहिलं होतं, ‘आल्प्स पर्वत सर करणाऱ्या रोहिणखेडच्या सोजराबाई यांचा जाहीर सत्कार.’

पानटपरीवरून शंकरराव ओरडले, “सोजराबाई, घसरत खाली येता म्हने तिथं? पडल्या नाही ना?”

मी तडक घर गाठलं. माझा मुलगा प्रसेनजित ऑस्ट्रियात नोकरीला आहे. सून मयुरी आणि लहानगी अर्पिता यांना घेऊन तो सुट्टीवर आला होता.

“काऊन बे, तो बॅनर कोनं लावला?”

“कुलदीपनं.” कुलदीप त्याचा शाळेपासूनचा मित्र. “तुले सरप्राइज होतं, आई.”

“मी कोनता डोंगर चढली?”

“आता असं काय करतं? तू तिथं होतीच ना.”

“होती. पोरीले मांडीवर घेऊन होती.”

तो हसला. त्या हसण्याने माझं डोकं आणखी फिरलं.

बॅनरवरचा तो फोटो डोंगराखाली गाड्या उभ्या करायच्या जागेतला आहे. काठ्या मयुरीच्या. फोटो झाल्यावर तिने त्या मागून घेतल्या, पोरगी माझ्या हातात दिली आणि दोघं तारेवरच्या पाळण्यात बसून वर बर्फावर घसरायला गेली. ‘आई, बर्फ पाहायला ये,’ म्हणून मला हिवाळ्यात बोलावलं होतं. एरवी बर्फ मी पाहिला तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दुधाच्या बाटल्या उकळता उकळता.

उन्हाळ्यात पुन्हा बोलावलं तेव्हा प्रसेनजितने शब्द दिला, “या खेपेले आपन दोघं पायी वर जाऊ.” मी जाण्याआधी महिनाभर धरणाच्या भिंतीवर चालण्याचा सराव केला. बूट घेतले. बाया हसायच्या, मी चालायची. तिथं गेल्यावर दर शनिवारी काही ना काही निघायचं. पोरीला ऊन लागेल. पोरगी आत्ताच झोपली. आई, तू इथं बाकावर बस, आम्ही आलोच. ती दोघं यायची संध्याकाळी. माझ्यासमोरून तिथले बाप लेकरांना पाठीवरच्या खुर्चीत बसवून खुशाल वर चढत होते.

सत्कार विहाराच्या अंगणात होता. मागे चुलीवर जेवण शिजत होतं. प्रसेनजित माझ्या कानाशी लागला, “आई, दोन शब्द चांगले बोल. गावात लोकं मले मानतात.”

कुलदीपने शाल घातली, माझं धाडस पाच मिनिटं सांगितलं आणि माइक दिला.

“बर्फ खाऊन पाह्यला का वं?” पुढे बसलेल्या सत्यभामाबाईने विचारलं. बाया हसल्या.

“जय भीम,” मी म्हणाले. “मी डोंगर चढली नाही. मले कोनं चढूच देल्लं नाही. दोन खेपा नेलं ते लेकरू सांभाळाले. तसं सांगून नेलं असतं तरी गेली असती, नात आहे माही. पन डोंगर दाखवतो म्हनून नेलं, अन् बाकावर बसवलं.”

कुलदीप माइककडे हात नेत होता. “ठेव हात खाली,” मी म्हणाले. “तो बॅनर खोटा आहे. उद्या काढ.”

कुणी टाळी वाजवली नाही. सत्यभामाबाई तेवढी म्हणाली, “बरं केलं, माय.”

प्रसेनजितने मला बाजूला ओढलं. “सगळ्या गावासमोर माही इज्जत काढली तू.”

“मी फक्त झालं ते सांगतलं.”

“डिसेंबरचं तिकीट काढून बसलो मी तुह्यं!”

“रद्द कर.”

“मग अर्पिताले कोन पाहीन?”

“हेच लिहाचं होतं ना बॅनरवर.”

तेवढ्यात पंगत बसली. मयुरी आली आणि नेहमीप्रमाणे पोरगी माझ्यापुढे धरली. “आई, जरा घ्या हिला. मी जेवून घेते.”

माझे हात आपोआप वर आले होते. मी ते शालीत घातले.

“त्याच्याजवळ दे. मले भूक लागली.”

मी सत्यभामाबाईच्या शेजारी जाऊन बसले. पोरगी रडायला लागली. वाढणाऱ्याने पत्रावळीवर भात टाकला. मी वरण मागून घेतलं आणि मागे वळून पाहिलं नाही.