न मोजलेला

अक्षताला, माझ्या नातीला, दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. जन्माचाच आजार. कोण कुठल्याचं रक्त आमच्या पोरीच्या अंगात, हे मला बिलकुल पटत नव्हतं. या खेपेला जालन्याच्या रक्तपेढीत मीच बाही वर केली. "घरचं रक्त असताना दुसऱ्याचं कशाला? काढा."

शीतल, माझी सून, हळूच म्हणाली, "आत्याबाई, तपासल्याबिगर देत न्हाईत."

"तपासू दे की. आपल्या गावच्या, हसनाबादच्या नाल्याचं पाणी हाय का ते?"

रक्त घेताना तिथल्या बाईनं लेकरं किती, म्हणून विचारलं. मी म्हणाले, दोन. शीतलचा नवरा परमेश्वर आन् लेक दैवशाला.

दोन दिवसांनी अक्षताला घेऊन गेलो, तर डॉक्टरीणबाईनं मला आत बोलावलं. "आजी, तुमचं रक्त तिला देता येणार नाही. त्यात प्रतिपिंडं सापडली."

"मला कळंल असं बोल, बाई."

"राखणदार म्हणा. परक्या रक्तावर एक ठरावीक खूण दिसली, की ते तुटून पडतात. ती खूण अक्षताच्या रक्तात आहे, तिच्या आईकडून आलेली. तुमचे राखणदार तिच्या तांबड्या पेशी फोडू शकतात. लहान लेकरू आहे, मी धोका घेणार नाही. तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं?"

"मला? मी कधी तापानं पडले न्हाई."

"मग पोटातल्या लेकरामुळं झालं असणार. बाळंतपणात त्याचं रक्त आईत मिसळतं. पण परमेश्वर आणि दैवशाला इथंच रक्त देतात, त्यांच्यात ती खूण नाही. आणखी एखादं होतं का?"

होतं. परमेश्वराच्या आधी. एकदाच रडला. मालकानं लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून बांधावरच्या बोरीखाली पुरला, मला तोंडबी दाखवलं न्हाई. आमच्यात बारसं न झालेलं लेकरू मोजत न्हाईत. मोजलं, तर मागं लागतं म्हणतात.

मी मान हलवून व्हय म्हणलं.

अक्षताला दुसऱ्याचंच रक्त लावलं, बराबर जुळवून. थेंब थेंब उतरत होतं. मी पोरीचं तोंड न्याहाळून राह्यले. त्याची खूण हिच्यात हाय, मंग नाक असंच असंल का? हनुवटी? झोपेत ती कण्हली. कपाळावर हात ठेवायला गेले, माझ्यातले राखणदार आठवले आन् हात मागं घेतला.

तिनं डोळे उघडले. "आजी, तू इतकी लांब का बसली?"

"उकडून राह्यलं, बाई."

पिशवी संपली. पोरीला ताप न्हाई, थंडी न्हाई. निघताना मी डॉक्टरीणबाईला गाठलं. "मी दिलेल्या रक्ताच्या पिशवीचं काय करता?"

"जाळायला पाठवतात."

"जाळू नका, माझ्या लेकराचं रक्त मिसळलंय त्यात. दात न आलेलं लेकरू जाळत न्हाईत, पुरतात. द्या इकडं."

"आजी, ते नुसतं रक्त आहे. नियम आहे, देता येत नाही."

शीतल माझ्या तोंडाकडं बघत राह्यली. "आत्याबाई, कोणाला पुरायचं?"

"तुझ्या थोरल्या दिराला."

शब्द तोंडातून गेला, आन् भिंतीपलीकडं कुठंतरी लेकरू रडलं. एकदाच.