आठ खुंट्या आणि चार तारा

माझ्या मानेवर आठ खुंट्या आहेत, आणि आज त्यांतल्या एकीलाही तार नाही. मित्रांनो, मी एक जुना युकुलेले आहे. दिसायला गिटारच्या धाकट्या भावासारखा. माझ्या बहुतेक भाऊबंदांना चार तारा असतात, मला मात्र चार जोड्या.

माझा जन्म शिलाँगचा. तिथल्या एका सुताराने माझ्या पोटाची पुढची फळी इतकी पातळ तासली की उन्हात धरली तर पलीकडचा उजेड जाणवे. त्या फळीवर त्याने घोडी चिकटवली. घोडी म्हणजे तारांची खालची टोके जिथे बांधतात ती लाकडी पट्टी. तिला खिळा नाही, स्क्रू नाही, फक्त सरस. नायलॉनच्या मऊ तारांना तेवढा पुरतो.

तिथे नेमणुकीवर असलेल्या फौजेतल्या हवालदार कृष्णातने मला विकत घेतले. संध्याकाळी बराकीत तो मला वाजवायचा आणि त्याचे सोबती पत्ते खेळायचे थांबायचे. माझे ते सुखाचे दिवस. पुढे एका सुट्टीत त्याने मला आपल्या गावी, कुंडलला आणले आणि मुलीच्या, क्रांतीच्या मांडीवर ठेवले.

सुट्टी संपली, तो गेला. उरलेले शिक्षण फोनवर झाले. त्याने स्वतः बांधलेली एक चाल तो तिकडून गुणगुणायचा, ती इकडे वाजवायची. मधेच आवाज तुटायचा. तो म्हणायचा, "निवृत्त होऊन आलो की समोर बसून ऐकतो." क्रांतीने तेवढे एक वाक्य धरून ठेवले होते.

निवृत्तीचा महिना आला तेव्हा माझ्या तारा थकल्या होत्या. एक तुटली होती, बाकीच्यांवर वळ पडले होते. कृष्णातने फोनवर बजावले, नायलॉनच्याच घे. पहिल्या दोन जोड्यांत एक जाड आणि एक बारीक, पुढच्या दोन जोड्यांत दोन्ही सारख्या. क्रांतीने मोबाईलवरून मागवल्या. पाकीट आले, त्यात चारच तारा होत्या. तो दारात उतरताच ती चाल वाजवायची असे तिने ठरवले होते, आणि दुसरे पाकीट मागवायला वेळ नव्हता. कृष्णात परतीच्या गाडीत होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

चार तारा मला पुरल्या असत्या. दर जोडीतली एक. आवाज थोडा बारीक आला असता, पण माझाच आला असता. हे मला ठाऊक होते. सांगायला तोंड नव्हते.

क्रांतीचे चुलते लालासाहेब बँजो पार्टी चालवतात. लग्न, वरात, गणपती, सगळीकडे त्यांचा बँजो. त्यांनी मला उचलले, पाकीट पाहिले आणि हसले.

"आठ खुंट्या हायेत आन् चारच तारा लावतीस व्हय? निम्म्या दातांनी भाकरी खाल्ल्यागत हुईल की."

"पप्पांनी नायलॉनच्याच सांगितल्यात, काका."

"त्यो सांगंल. त्याच्या मिरवणुकीत हलगी वाजत असतीया, तिथं तुझं नायलॉन कुणाला ऐकू यायचं? माझा भाऊ सतरा मुलखांचं पाणी पिऊन येतोय. वाजलं तर वेशीपर्यंत वाजलं पायजे."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, माया होती. म्हणून क्रांतीने हट्ट सोडला. त्यांनी बँजोच्या पोलादी तारा काढल्या आणि आठही चढवल्या. खुंट्या पिळल्या, बँजोशी सूर जुळवला. माझी मान वाकली. घोडीखालचा सरस ताणला जाऊ लागला. आणि मी वाजलो, असा खणखणीत की शेजारच्या सुलाबाई दारात आल्या. "लय ग्वाड झालंय गं पोरी," त्या म्हणाल्या. मित्रांनो, माझे एवढे कौतुक कधी झाले नव्हते, आणि मी आतून उकलत होतो.

आमच्याकडे फौजी निवृत्त होऊन आला की अख्खा गाव त्याला मिरवतो. फुलांनी सजवलेली उघडी जीप, पुढे हलगी, लेझीम, दारोदारी ओवाळणी. क्रांती मला घेऊन दारात उभी राहिली. सकाळपासूनचे ऊन माझ्या अंगावर होते. जीप थांबली, कृष्णात उतरला, लालासाहेबांनी हात करून हलगी थांबवली. क्रांतीने पहिला सूर छेडला, दुसरा छेडला, आणि काडकन आवाज झाला. घोडी निघाली ती फळीचा पापुद्रा घेऊनच. आठही तारा लोंबल्या. कुणीतरी हसले. हलगी पुन्हा सुरू झाली.

दुपारी माणसे पांगल्यावर कृष्णातने मला मांडीवर घेतले, माझ्या जखमेवरून अंगठा फिरवला आणि एकेक तार सोडून काढली. लालासाहेब उंबऱ्यात उभे होते, चार तारांचे न फोडलेले पाकीट हातात घेऊन.

"चूक माझी हाय, दादा," ते म्हणाले. "पोरीला बोलू नगंस."

कृष्णात त्यांच्यावर रागावला नाही. मिरजेच्या कारागिराला दाखवू, फळी टिकली तर टिकली, एवढेच तो म्हणाला. मग त्याने मला क्रांतीकडे दिले.

"वाजव."

"तारा न्हाईत, पप्पा."

"बोटं हायेत न्हवं?"

तो गुणगुणू लागला. क्रांतीची बोटे माझ्या उघड्या मानेवर चालू लागली. मधेच तो थांबला. तिचे तिसरे बोट उचलून त्याने मानेवरच्या पट्ट्यांमधले एक घर पुढे ठेवले.

"इथं चुकतीस. फोनवर कवा कळलंच न्हाई मला."

तिने मान हलवली. त्याने चाल पुन्हा पहिल्यापासून धरली. दोघांना सारे ऐकू येत होते. त्या घरात मुका होतो तो मी एकटा.

आता मी भिंतीवरच्या फळीवर मिरजेला जायची वाट पाहतो आहे. शेजारी ते पाकीट आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही अशा वस्तू असतील ज्यांना बोलता येत नाही. त्यांच्यावर माया करा, पण ताण देण्याआधी त्यांचे अंग किती जाडीचे आहे ते बोटांनी चाचपून पाहा. त्या पोलादी तारांवर मी ओरडलो होतो. तुम्ही माणसे त्याला गाणे म्हणालात.