मीराबाईंच्या तोंडातलं यीस्ट

माणूस गेला की घरच्यांना गुन्हेगार लागतो. मला या सवयीची भारी चीड आहे. त्याच सवयीपायी आमच्या गल्लीतला राजदीप वर्षभर सख्ख्या बहिणीशी, खुशबूशी, बोलत नव्हता, आणि मला ते बघवत नव्हतं.

त्यांची आई मीराबाई न्यूमोनियानं दवाखान्यात होती. खुशबूनं घरची आंबील पाजली, दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि रक्तात यीस्ट सापडलं. आंबवलेलं पाजलं म्हणून राजदीपनं बहिणीला नाही नाही ते सुनावलं, आंबील बंद केली. पुढं मीराबाई गेल्याच.

मी चंद्रपूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आधी कधीतरी संशोधनासाठी गल्लीतल्या धडधाकट माणसांच्या तोंडातलं यीस्ट मी जमवलं होतं, त्यात मीराबाईंचंही होतं. ते, दवाखान्यातून मिळालेलं रक्तातलं आणि खुशबूच्या मडक्यातलं, सगळं मी पुण्याला जनुकं वाचायला पाठवलं. २००४ साली माणसाच्या तोंडात राहणाऱ्या या यीस्टच्या जातीचा अख्खा जनुकसंच वाचून झाला होता, त्यामुळे ताडून बघणं जमण्यासारखं होतं.

निकाल आला तशी मी दोघांना घरी बोलावलं.

"आंबिलीतलं यीस्ट अलगच जातीचं हाय," मी म्हटलं. "रक्तातलं आईच्याच तोंडातलं होतं. एरवी चूप राह्यते ते. अंग खचलं, न्यूमोनियाच्या औषधानं बाकीचे जंतू मेले, त्याले रान मोकळं झालं. मंग त्याच्यात एक बदल झाला, अन् ते यीस्टवरच्या औषधालेई जुमानेना."

उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, असं मी वर्गात सांगते. इथं तिचं एक पाऊल मीराबाईंच्या खाटेवरच पडलं होतं.

"म्हंजे आंबिलीनं काईच नाई केलं?" राजदीपनं विचारलं.

"नाई."

मला वाटलं, आता हा बहिणीची माफी मागेल.

"शेवटच्या दिवशी आई आंबील मागून राह्यली होती. मी देऊ नाई देली," तो म्हणाला आणि हमसून रडू लागला. खरं सांगते, हा निकाल कशाला आणवला, असं मला झालं.

खुशबू उठून त्याच्याजवळ बसली.

"मी देली होती," ती म्हणाली. "तू औषध आणाले गेल्ता तवा. मले तवापासून वाटे, मीच मारलं तिले."

राजदीपनं तिचा हात धरला.

"पेली काय आईनं?"

"वाटीभर पेली. अजून मागत होती."