राखेतली बाजरी

माझा धाकटा भाऊ अभिमन गेली त्रेपन्न वर्षं दर पावसाळ्यात कपाशीच्या कडेला बाजरीच्या दोन ओळी पेरतो. ही बाजरी आमच्या खान्देशातली नाही. तिच्या कणसाला बोटभर लांब कुसळं असतात, म्हणून गावात तिला 'दाढीवाली' म्हणतात. पीक ते किती, दोन-तीन पायल्या. त्यातलं निवडक बियाणं तो राखेत घोळवून एका मडक्यात भरतो आणि मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपतो. उरलेली बाजरी कोंबड्यांना. घरात तिची भाकरी कधी झाली नाही. का, ते त्यानं बायकोला सांगितलं नाही, ती गेली बिचारी. मुलालाही सांगितलं नाही. मला तेवढं ठाऊक होतं.

आमचं गाव पांझरेच्या काठी, अमळनेरहून एसटीनं अर्ध्या तासावर. मी अमळनेरला राहते. तिथल्याच शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. आता एक्याऐंशी पूर्ण झाली, पण सणाला अजून माहेरी जाते आणि भाऊ अजून स्टँडवर न्यायला येतो.

मागच्या दिवाळीआधी अभिमनच्या मुलानं, दीपकनं, घराला नव्या फरशा बसवून घेतल्या. फरशीवाला लाखाराम मूळचा बाडमेरकडचा, पण बापाबरोबर लहानपणीच धुळ्यात आलेला. ओसरीत वाळत टांगलेली कणसं पाहून तो हातातली थापी खाली ठेवून उभाच राहिला. म्हणाला, माझी आजी अशा बाजरीचं सारखं बोलते. तिचं गाव सीमेपलीकडे होतं, एकाहत्तरच्या लढाईत ती माणसं इकडे आली ती इकडचीच झाली. अभिमननं गावाचं नाव विचारलं. लाखारामनं सांगितलं, तेव्हा अभिमन घरात जाऊन पाणी पिऊन आला. त्याला 'धोरासर' ऐकायचं होतं. हे धोरासर नव्हतं, पण तिथून चार कोसांवरचं होतं.

संध्याकाळी मला फोन आला. "अक्का, धुयाले एक म्हातारी शे," धुळ्यात एक म्हातारी आहे, एवढंच. मग म्हणाला, संक्रांत झाली की मडकं घेऊन जाऊ, तू चल बरोबर.

संक्रांतीसाठी मी दोन दिवस आधीच जाऊन राहिले. दीपकची बायको मेघा धुळ्यासारख्या शहरात वाढलेली, कॉमर्सची पदवीधर, पण तिच्या हाताला चव आहे. भोगीला तिनं कांद्याची पात घालून वांग्याचं भरीत केलं, भोगीची भाजी केली आणि तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापल्या, वर लोण्याचा गोळा. कवळी सांभाळत मी दीड भाकरी खाल्ली. अभिमन दुसरी मोडत होता. त्यानं तुकडा तोंडात घातला, चावता चावता थांबला.

"मेघा, पीठ कुठलं?"

तिनं हौसेनं सांगितलं. फरशांच्या वेळी सामान हलवलं तेव्हा मागच्या खोलीत एक मडकं दिसलं होतं. गेल्या आठवड्यात ते उघडून पाहिलं तर बाजरी, पार राखेनं माखलेली. आबा ठेवून विसरले असणार म्हणून तिनं ती तीन पाण्यांनी धुतली, गच्चीवर वाळवली आणि गिरणीतून दळून आणली. आबांना खाऊ घालून मगच सांगायचं असं ठरवलं होतं.

तिला दोष तरी कसा देणार? तिच्या लेखी बियाणं म्हणजे अमळनेरच्या दुकानातली, वर फोटो छापलेली पिशवी. घरात गॅस येऊन वीस वर्षं झाली. बियाण्याला कीड लागू नये म्हणून राख लावतात, ते तिला सांगणार कोण? अभिमनसुद्धा राख शेजारच्या बेबाबाईच्या चुलीतून मागून आणायचा.

हातातली भाकरी त्यानं शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, ताट बोटानं पुसून घेतलं, हात धुतले आणि शेताकडे निघून गेला.

"आत्या, माझं काय चुकलं?" मेघानं विचारलं.

मी तिला जवळ बसवून सांगितलं. एकाहत्तर साली अभिमन बावीस वर्षांचा होता, फौजेत. त्या लढाईत आपल्या फौजेनं सिंधच्या वाळवंटाचा मोठा पट्टा घेतला आणि करार होऊन तो परत देईपर्यंत वर्षभर तिथे ठाण मांडलं. अभिमनची तुकडी धोरासर नावाच्या वस्तीत होती. वस्तीत माणूस नव्हतं. दोरीवर धुतलेलं लुगडं तसंच होतं, चुलीवर भांडं होतं, त्यातलं अन्न वाळून गेलेलं.

फौज सोडून तो घरी आला, त्यानंतरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मीही माहेरी आले होते. झोका बांधायला अभिमन कडुलिंबावर चढला आणि खाली उतरेचना. फांदीवर बसून राहिला. खालून मी चिडवलं, फौजेत जाऊन माकड झालास का रे? तेव्हा तो बोलायला लागला.

"तठे आम्ही बठ्ठा झाडं तोडी टाकात, अक्का," म्हणाला.

तिथली सगळी झाडं खेजडीची, म्हणजे आपली शमी. त्या मुलखात माणूस आणि शेळी तिच्यावरच जगते. खंदकांवर ओंडके आडवे टाकायला ती तोडली, मग जळणाला तोडली. वर्षाच्या शेवटी नजर पोचेल तिथवर नुसते बुंधे. झाडं गेली तशी वाळू सुटली. गाड्यांनी शेतांच्या कुंपणाचे काटे मोडलेलेच होते, त्यावरून ती आत शिरली आणि शेतं कुठली, टेकडी कुठली, कळेनासं झालं. चराईच्या रानात सुरुंग पेरलेले होते. धडाका झाला की समजायचं, कुणाचा तरी उंट गेला. गोड्या पाण्याची एकच विहीर, तीही मेलेलं जनावर पडून नासली. लढाई पंधरा दिवसांत संपली होती, असं तो म्हणाला, हे सगळं नंतर झालं.

एकदा वाळूच्या वादळानं शिधा आठवडाभर आला नाही. कुणाला तरी एका झोपडीत तोंड लिंपलेलं मडकं सापडलं. फोडलं तर राखेत घोळलेली बाजरी. दहा जणांत शेतकऱ्याचा मुलगा अभिमन एकटाच. बाकीच्यांना वाटलं, मातीत पडलेलं खराब धान्य आहे. राख पाहताच ह्याला कळलं, की हे बियाणं आहे, कुणाची तरी पुढच्या पावसाची पेरणी आहे. तो बोलला नाही. बाजरी त्यानंच धुतली, दोन दगडांत त्यानंच भरडली आणि भाकरीही त्यानंच थापल्या, कारण त्या दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या. स्वतःही खाल्ली. मडक्याच्या तळाशी मूठभर उरली होती, ती राखेसकट रुमालात बांधली.

"परत देवानी शे," तो झाडावरून म्हणाला.

"कोनले देशी?" मी विचारलं. कुणाला परत द्यायची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या पावसाळ्यात त्यानं पहिल्यांदा ती पेरली.

मेघा ऐकत होती. मग उठली आणि कामाला लागली. मडकं उलटं करून झटकलं, गच्चीचे कोपरे पाहिले, कोंबड्यांच्या खुराड्यात डोकावली. ओसरीतली कणसं दिवाळीतच मळून झाली होती. गच्चीच्या पन्हाळीत तिला चार दाणे मिळाले, तेही कुजके. "आत्या, कुठेच नसेल का हो?" असं ती म्हणाली आणि मला माझी गॅलरी आठवली.

चार वर्षांपूर्वी अभिमननं मला ह्याच बाजरीच्या कणसांची जुडी दिली होती, चिमण्यांसाठी गॅलरीत टांगायला. महिना झाला तरी एक चिमणी शिवली नाही. मी फोन करून सुनावलं होतं, "तुनी बाजरी ते चिड्या बी खातस नही." त्यावर तो म्हणाला होता, "दाढीले भ्यातस." पुढे गुडघ्यांमुळे मी स्टुलावर चढणं सोडलं आणि जुडी तिथेच राहिली.

मेघानं स्कूटी काढली. मी आयुष्यात पहिल्यांदा स्कूटीवर बसले. तिच्या कमरेला इतकी घट्ट मिठी मारली, की ती म्हणाली, आत्या, श्वास तरी घेऊ द्या. गॅलरीत जुडी होती. सात कणसं, धुळीनं काळी झालेली आणि कोळ्यानं गुंडाळलेली. कुसळांच्या आत मात्र दाणे जागच्या जागी होते.

आम्ही तशाच शेतावर गेलो. अभिमन बांधावर बसला होता. मी जुडी त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं जाळं बाजूला केलं, कुसळांवरून उलटा हात फिरवला.

"घर झाडस नही का तू, अक्का?"

मी म्हटलं, झाडलं असतं तर आज बसला असतास बोंबलत. मेघा पाठीमागे उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाकरी चांगली झाली होती, बेटा." तेव्हा कुठे ती रडली.

त्यानं पन्नास दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. चार वर्षांचे जुने दाणे, उगवतील की नाही कुणास ठाऊक. तीन दिवस आम्ही तिघंही त्या गोणपाटाभोवती फिरत होतो आणि एकमेकांना दाखवत नव्हतो. संक्रांतीच्या तिळगुळाकडेही कुणाचं नीट लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी उघडलं, तर एकोणीस दाण्यांना पांढरी शेपटी फुटली होती.

धुळ्याला जाणं त्यानं पुढे ढकललं. माघात उन्हाळी बाजरी म्हणून कणसांतले बाकीचे सगळे दाणे विहिरीजवळ पेरले. पाणी द्यायचं काम मेघानं घेतलं आणि दीपकला तिथे पाऊल ठेवू दिलं नाही. आखाजीच्या सुमारास कणसं पिकली. मळणी हातानं झाली. बेबाबाईकडून राख मेघाच मागून आणत होती. ती चाळणीनं दोनदा चाळली, तेव्हा अभिमन म्हणाला, अगं, पीठ नाही मळायचंय.

मग आम्ही तिघं धुळ्याला गेलो. अमळनेरहून एसटीनं दीड तासही लागत नाही. अभिमन मडकं मांडीवर घेऊन बसला होता.

लाखारामचं घर देवपुरात. आजी बाजेवर बसली होती, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. अभिमन तिच्याशी तिच्याच बोलीत बोलायला लागला, वर्षभरात तिकडच्या उंटवाल्यांकडून शिकलेली, मोडकीतोडकी. तिला हसू आलं. आमच्यासाठी लाखाराम हिंदीत सांगत होता. तिनं आधी राखेत हात घातला, वास घेतला. मग आम्ही सोबत नेलेलं कणीस उचललं आणि कुसळं गालाला लावून पाहिली. म्हणाली, पाणी जास्त पाजलंत, मऊ झाली. अभिमननं मान्य केलं.

ही बाजरी धोरासरच्या एका झोपडीत सापडली होती, हे त्यानं सांगितलं. तिथली माणसं कुठे गेली, असं विचारलं. तिनं आठवून पाहिलं. काही परत गेली असं ऐकलं होतं. दोन घरं मात्र बाडमेरजवळ लाखारामच्या कुटुंबाच्या वस्तीशेजारी आहेत. तिचा धाकटा मुलगा पेरणीला गावी जाणार होता, त्याच्याबरोबर त्यांना एक वाटा पाठवते म्हणाली. मग मडक्याकडे बोट करून तिनं विचारलं, एवढीच होती का त्या घरात? बाकीची?

"खाल्ली," अभिमन म्हणाला. "आम्हीच खाल्ली. बियाणं आहे हे मला कळलं होतं."

लाखारामनं हे आम्हाला सांगितलं नाही, पण मला समजलं. म्हातारी मडक्यातली राख बोटांनी चाळत राहिली.

"आम्हीही खाल्ली," ती म्हणाली. "बियाणं डोक्यावर घेऊन निघालो होतो. बाडमेर येईपर्यंत मडकं संपलं." मग विचारलं, "गोड लागली?"

"हो."

"गोडच असते," ती म्हणाली.

चहा झाला. निघताना तिनं बियाणं आपल्या डब्यात ओतून घेतलं आणि त्यातल्या दोन मुठी परत मडक्यात टाकल्या. अभिमन नको नको म्हणत होता. तिनं हात झटकला. पुढच्या साली माझ्याकडची बुडाली तर मी कुणाच्या दारात जाऊ, असं तिनं विचारलं आणि मडकं त्याच्या हातात दिलं.

परतीच्या गाडीत तो कुरकुरत होता. त्रेपन्न वर्षं झाली, वाटलं होतं आता सुटलो, कपाशीला दोन ओळी वाढतील. मेघा म्हणाली, आबा, विहिरीजवळची जागा आता माझी आहे, तुम्ही कपाशी बघा. अमळनेर आलं तेव्हा मडक्याला हात लावून तो झोपला होता आणि त्याच्या सदऱ्याला पुढून सगळी राख लागली होती.