काढून ठेवा, काढून टाका

मी एक मेकफाइल बोलतेय. त्या मार्चमध्ये शंकेची खूण मी केली होती की नव्हती, हे मला कित्येक वर्षं नक्की आठवत नव्हतं. आधी तेच कबूल करते.

माझा जन्म कॅनडातल्या ग्वेल्फ गावी, एका बेसमेंटमध्ये, अमृताच्या लॅपटॉपवर झाला. तिचे बाबा वाल्मिकराव, निवृत्त प्राध्यापक, वाचनालयांच्या एका मोफत सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मराठीत आणत होते. मी म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचना. इंग्रजी वाक्य बदललं, की त्याच्या जुन्या मराठी वाक्यावर मी ‘शंकास्पद’ अशी खूण करते. माणसाने ती पुसेपर्यंत ते वाक्य पुस्तिकेत जाऊ देत नाही. हे काम मला चांगलं येतं.

वाल्मिकरावांना मात्र प्रत्येक शब्दाची धास्ती. दारातला बर्फ फावड्याने शोव्हल करतानाही अर्ध्यातून आत येऊन शब्द बदलायचे.

मग मार्चमध्ये त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. इंग्रजीत पूर्वी यादी पुसायला सांगितलं होतं, आता जपून ठेवायला. मराठीत ‘जुनी यादी काढा’ तसंच राहिलं, आणि पुस्तिकेत गेलं.

आठवड्याने नागपूरहून त्यांच्या बहिणीचा, इंदुमतीताईंचा फोन आला. वस्तीतल्या वाचनालयाची चार हजार पुस्तकं त्यांनी तीन वर्षं बसून त्याच सॉफ्टवेअरच्या यादीत भरली होती.

“दादा, काढली बरं का यादी.”

“काढून ठेवलीस ना?”

“ठेवा कुठं लिहिलंय? काढा लिहिलंस. टाकली काढून.”

वाल्मिकरावांनी फोन ठेवला. नंतर अमृताला म्हणाले, तुझ्या फाइलने मला सावध केलं नाही.

“बाबा, इट ऑलवेज फ्लॅग्ज. खूण करतेच ती. खुणांच्या नोंदी बघू या का?”

ते नको म्हणाले. नोंदी माझ्यात नसतात, त्यामुळे मलाही स्वतःची शंका येऊ लागली.

पुढचे अकरा महिने दर रविवारी भाऊ-बहीण फोनवर बसले. ताई कपाटातून एकेक नाव वाचायच्या, दादा टाइप करायचे. “कॅनडात राहून हळू झालास,” असं ताई ऐकवायच्या. यादी पुन्हा उभी राहिली.

मी आजही रोज चालते. मागणं एवढंच : माझी खूण पुसण्याआधी ते वाक्य कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा.

गेल्या महिन्यात, सहा वर्षांनी, घर सोडून कॉन्डोत, छोट्या फ्लॅटमध्ये जाण्याआधी वाल्मिकरावांनी त्या नोंदी स्वतः उघडल्या. अकरा मार्च, दुपारी : खूण मी केली होती. बारा मार्च, सकाळी : ‘अर्थ तोच आहे’ असा शेरा लिहून ती त्यांनीच पुसली होती.