एकाच तारेतून

मेकॅनिकने संगणकामागच्या तारा एकेक करून उपटल्या आणि पडद्यावरची मारामारी मुकी झाली. आवाज नसतानाच एका कैद्याने दुसऱ्याचं डोकं गजांवर आपटलं.

"आता सहा तारांची भानगड नको," मेकॅनिक म्हणाला. "संगणकच सगळे आवाज एकत्र बांधून एका तारेतून पाठवेल. ॲम्प्लिफायर ते सोडवून ज्याच्या त्याच्या स्पीकरला देईल."

"आवाज कमी व्हायला नको," घरमालक म्हणाला. "हाड मोडलं की भिंत हादरली पाहिजे."

त्याची बायको चहा घेऊन आली. कप ठेवताना दोन थेंब तारेवर सांडले. नवऱ्याने तिचे केस मुठीत धरून तिला मागे खेचलं, ओट्यावरून मांजर काढावं तसं.

"हिला हात दिलेत की फावडी, देव जाणे," तो हसत म्हणाला.

मेकॅनिक हसला नाही.

तेवढ्यात शेजारच्या मावशी दारात आल्या.

"आज पुन्हा तोच सिनेमा का हो? काल ती बाई काय ओरडत होती. माझी पोथी अर्धी राहिली."

"सिस्टीमच तशी आहे, मावशी. सगळं खरं वाटतं."

"वाटेल हो. जिवाचा थरकाप उडाला अगदी."

मेकॅनिकने पडद्याकडे पाहिलं. हा सिनेमा त्याने पाहिलेला होता. पुरुषांचा तुरुंग, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यात एकही बाई नव्हती. बायको फडक्याने तार पुसत होती, आणि बाही वर सरकली तिथे मनगटावर चार निळी बोटं उमटलेली होती.

नवऱ्याचा फोन वाजला. तो गॅलरीत गेला. मावशीही परतल्या.

"ताई," मेकॅनिक हळूच म्हणाला, "सगळे आवाज एकत्र केले की फाटू नयेत म्हणून वरची मर्यादा घालता येते. मग बटण कितीही पिळा, आवाज त्यापुढे जात नाही. कुलूपही लावता येतं."

तिचा हात थांबला.

"ते चिडतील."

"चिडतील. म्हणून तुम्हीच सांगा. घालू की राहू दे?"

गॅलरीतून नवऱ्याचं हसणं ऐकू आलं. मेकॅनिकने मर्यादेची खूण थोडी खाली आणली आणि तिच्याकडे पाहिलं.

"अजून खाली," ती म्हणाली.

संध्याकाळी सिनेमा लागला. नवऱ्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. गजांवर डोकी आपटत होती, पण शेजारच्या खोलीत कुणी भांडी लावत असावं एवढाच आवाज.

"काय केलंस तू याला?"

ती उठली आणि मावशींच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पहिला फटका कानावर बसला, दुसरा तोंडावर. ती किंचाळली.

पडद्यावर कैदी पुटपुटत होते. भिंतीपलीकडे खुर्ची सरकली, ते तिला स्पष्ट ऐकू आलं.