टाकायची राहिलेली बॅट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बॅट आहे. क्रिकेटची समजू नका हं! मी गोल, लाटण्यासारखी, बेसबॉलची बॅट. म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइम गावात एका क्लबच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो.

माझा जन्म अमेरिकेतला. एका सैनिकाबरोबर मी जर्मनीत आले. त्याची छावणी उठली तेव्हा तो मला या क्लबला देऊन गेला. सुरुवातीला माझा काय थाट होता म्हणून सांगू! मग ॲल्युमिनियमच्या बॅटी आल्या आणि मला एकच काम उरलं. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला टेकून उभं राहायचं. दहा वर्षं मी ते केलं. राग यायचा, पण बॅटीचा राग कोण विचारतो?

२००७च्या उन्हाळ्यात श्यामकांतराव आले. साताऱ्याचे निवृत्त मास्तर, वय त्रेसष्ट. मुलगा मल्हार इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत. त्याच्याकडे ते आणि सुरेखाबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. सात वर्षांची नात ईप्सिता इथेच जन्मलेली. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच. आजोबांनी रंगवून गोष्ट सांगावी आणि तिनं "या, ओपा," म्हणजे 'हो, आजोबा' म्हणून निघून जावं! तिनं एकदा तरी आपल्याशी मराठीत बोलावं, एवढीच त्यांची इच्छा होती. दिवस मात्र भराभर सरत होते.

शेजारचे होल्गर हे पन्नाशीपुढच्यांच्या संघाचे कप्तान. एका खेळाडूचा गुडघा दुखावला, म्हणून त्यांनी श्यामकांतरावांना विचारलं. हे महाशय एका पायावर तयार! सगळ्या चकचकीत बॅटी बाजूला सारून त्यांनी दारातून मला उचललं, घरी नेलं आणि खोबरेल तेल चोळलं.

"अहो, डोक्याला लावायला आणलंय ते!" सुरेखाबाई ओरडल्या.

"माझ्या डोक्यावर उरलंय काय लावायला?"

खरं सांगते, इतक्या वर्षांनी कुणी मायेनं हात फिरवला आणि मला भरून आलं.

स्पर्धा रविवारी होती. मंगळवारी त्यांचं परतीचं विमान. सकाळच्या सामन्याला ईप्सिता दोन मैत्रिणींना घेऊन आली होती. श्यामकांतरावांनी चेंडू झकास टोलवला आणि धावले, पण मला घट्ट धरूनच! बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकायची आणि पहिल्या बेसला, म्हणजे जमिनीवरच्या चौकोनी गादीला, पाय लावायचा. पण क्रिकेटची चाळीस वर्षांची सवय! दोन पावलं अलीकडेच वाकून त्यांनी मला लांब केलं आणि गादीला टेकवलं. पाय लागायच्या आत चेंडू गादीपाशी आला, पंचांनी बाद दिलं.

"टेकवली की हो! चांगली वीतभर आत होती!" ते मराठीतच पंचांशी भांडायला लागले. सगळं मैदान हसलं. एका धावेनं सामना गेला. मैत्रिणी खिदळल्या आणि ईप्सिता लालबुंद होऊन गाडीत जाऊन बसली.

श्यामकांतराव मला मांडीवर घेऊन बाकावर बसले. "पोरीला मान खाली घालायला लावली मी. आता नाही खेळत."

"आल्झो, बाबा, असं काय करता?" सूनबाई वैभवी म्हणाली; 'आल्झो' म्हणजे 'हे बघा', ही तिची जर्मन सवय. "नऊ जण लागतात, तुम्ही नसलात तर दुपारी त्यांचे आठच होतात."

म्हणून ते उतरले. हा सामना तिसऱ्या क्रमांकासाठी होता. शेवटची पाळी आली, बरोबरी होती. वैभवीनं ईप्सिताला गाडीतून ओढून आणलं होतं. ती जाळीपाशी गाल फुगवून उभी होती. चेंडू आला. मी सगळा जीव लावला आणि तो समोरच्या दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून लांब गेला. श्यामकांतराव धावत सुटले, पुन्हा मला घेऊन! सगळा संघ जर्मनमध्ये ओरडत होता, यांना एक अक्षर कळेना. मी निसटू म्हटलं, तर मूठ कसली घट्ट!

तेवढ्यात जाळीपलीकडून आवाज आला, "टाक! टाक ती बॅट खाली! किती वेळा सांगायचं? टाक म्हणते ना!"

ईप्सिता होती. रोज जेवताना हातातलं खेळणं सुटत नाही म्हणून वैभवी तिला जशी रागावते, शब्दन् शब्द तस्साच. श्यामकांतरावांची मूठ सुटली. मी गवतात पडले. ते मोकळ्या हातांनी धावले आणि त्यांचा पाय गादीवर पडला. पंचांनी दोन्ही हात पसरले. नाबाद!

पण हे तिथे थांबतात कसले! गादी सोडून ते सरळ जाळीकडे निघाले. मागून समोरच्या संघातल्या एका आजोबांनी येऊन त्यांच्या पाठीला चेंडू लावला आणि गादी सोडलेली असल्यानं ते बाद झाले. होल्गरनी कपाळावर हात मारला. पुढे तो सामनाही आम्ही हरलो. श्यामकांतरावांना पत्ताच नव्हता. जाळीला दोन्ही हात लावून ते रडत होते आणि हसतही होते.

"अहो, ऐकलंत का? मला रागावली ती!" ते सुरेखाबाईंना पुन्हा पुन्हा सांगत होते.

मित्रांनो, वस्तू जपा, हे तर मी जुनी बॅट म्हणून सांगणारच. पण तुमच्या घरी आजी-आजोबा आले असतील, तर त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोला. गोड वाक्य जुळवत बसू नका. रागावलात तरी चालेल.